इंजिनाचे पहिले फेरे : शिसे, लिथियम आणि सुपरकपॅसिटर यांचा आढावा

अंतर्ज्वलन इंजिनाची मूलभूत अडचण अशी आहे की ते स्वतःच्या बळावर सुरू होऊ शकत नाही. वाफेच्या इंजिनात बॉयलरमधला दाब आधीच तयार असतो, आणि विद्युत मोटर स्थिर असतानाही पूर्ण जोर लावू शकते; पेट्रोल किंवा डिझेल इंजिनात मात्र हवा आत ओढली जाणे, ती दाबली जाणे आणि मग इंधन पेटणे हा क्रम बाहेरून कोणीतरी काही फेरे फिरवून दिल्याशिवाय सुरूच होत नाही. हे फेरे देणाऱ्याला सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा विरोध, गार पडून घट्ट झालेल्या वंगणतेलाचे घर्षण आणि थांबलेल्या क्रँकशाफ्ट व फ्लायव्हीलचे जडत्व या तिन्हींवर एकाच वेळी मात करावी लागते. पेट्रोल इंजिन साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० फेऱ्यांवर पेट घेते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, तेथे हवा केवळ दाबूनच इंधन पेटण्याइतकी तापवावी लागते, आणि म्हणून त्याला दीडशे-दोनशे फेऱ्यांचा वेग आणि त्याहून कितीतरी अधिक जोर लागतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम माणूस हँडल मारून करीत असे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडत असे. चार्ल्स केटरिंग यांनी १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीसाठी विद्युत स्टार्टर सिद्ध केला तेव्हा, इंजिन फिरवण्याइतकी मोठी मोटर गाडीत मावणारच नाही, असा आक्षेप जाणकारही घेत असत. केटरिंग यांनी त्यापूर्वी दुकानांतल्या कॅश रजिस्टरसाठी विजेची मोटर बनवली होती, आणि तेथे त्यांच्या लक्षात आले होते की मोटर काही क्षणच चालवायची असेल तर तिच्याकडून तिच्या नेहमीच्या क्षमतेच्या अनेक पट काम घेता येते, कारण ती तापून जळण्याआधीच काम संपलेले असते. क्षणभराच्या कामासाठी क्षणभराचेच साधन, हा तो विचार होय. मोटरीच्या बाबतीत तो लगेच रुजला. मोटरीला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या बाबतीत मात्र तो जवळजवळ शतकभर मागे पडून राहिला, आणि सुपरकपॅसिटर व लिथियम बॅटरी यांच्याविषयीची आजची सारी चर्चा म्हणजे त्याच विचाराचा राहिलेला अर्धा भाग पुरा करण्याचा प्रयत्न आहे.

या प्रश्नाचे मर्म साध्या हिशेबाने स्पष्ट होते. लहान पेट्रोल मोटारीची स्टार्टर मोटर इंजिन फिरवताना सुमारे २०० अँपिअर प्रवाह घेते आणि त्या वेळी बॅटरीच्या टोकांवरचा दाब १० व्होल्टच्या आसपास असतो. म्हणजे शक्ती २ किलोवॉट झाली. इंजिन एका सेकंदात लागले तर खर्च झालेली ऊर्जा केवळ २,००० ज्यूल. त्याच गाडीतली १२ व्होल्ट, ४५ अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असताना तिच्यात ५४० वॉट-तास, म्हणजे १९ लाखांहून अधिक ज्यूल ऊर्जा असते. एकदा सेल्फ मारण्यासाठी त्यातला सुमारे हजारावा भाग पुरतो, आणि इंजिन चालू झाल्यावर आल्टरनेटर तो थोड्या वेळात भरूनही काढतो. इंजिन सुरू करणे हा शक्तीचा, म्हणजे ऊर्जा किती वेगाने देता येते याचा प्रश्न आहे. ऊर्जेच्या साठ्याचा नाही. तरीही पंधरा किलोची पेटी वाहून न्यावी लागते, कारण मोठा प्रवाह देण्यासाठी बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे तिच्या स्वतःच्या पोटात होणारा अडथळा, काही मिलिओहमच्या आत ठेवावा लागतो, आणि शिश्याच्या रसायनात तो कमी करण्याचा मार्ग म्हणजे पातळ पट्ट्यांची संख्या व त्यांचे क्षेत्रफळ वाढवणे. साठा हा त्या क्षेत्रफळाच्या पाठोपाठ येतो. तो वाया जात नाही. इंजिन बंद असताना दिवे, कुलपे, गजर आणि संगणकीय नियंत्रक त्याच्यावरच चालतात.

गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे-आम्ल घट तयार केला आणि कामीय फोर यांनी १८८१ मध्ये शिश्याच्या जाळीत लगदा भरून पट्ट्या बनवण्याची रीत आणली. आजची बॅटरी तत्त्वतः तीच आहे. प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट देतो आणि सहा घट मिळून १२.६ व्होल्ट होतात. ती टिकून राहिली याची कारणे भक्कम आहेत: ती स्वस्त आहे, आल्टरनेटरच्या साध्या नियंत्रणाखाली बिनतक्रार भरते, थोडी जास्त भरली तरी पाणी जळण्यापलीकडे लगेच मोठा अनर्थ होत नाही. तिची खोट अशी की तिच्यावर परस्परविरोधी दोन कामे लादलेली आहेत. झटक्याने मोठा प्रवाह देण्यासाठी पट्ट्या पातळ आणि पुष्कळ हव्यात. सावकाश आणि खोलवर वीज पुरवण्यासाठी त्या जाड आणि मोजक्या हव्यात. स्टार्टर बॅटरी पहिल्या कामासाठी घडवलेली असल्यामुळे दुसरे काम तिला झिजवते. अर्धवट रिकामी होऊन ती आठवडाभर तशीच उभी राहिली तर पट्ट्यांवरचे शिसे-सल्फेट मोठ्या, कठीण स्फटिकांत बदलते, ते पुन्हा विरघळत नाही, रोध वाढत जातो, आणि एके दिवशी ‘बॅटरी बसली’ असे म्हणण्याची पाळी येते. दिवे तेव्हाही लागतात, कारण साठा शिल्लक असतो. गेलेली असते ती शक्ती.

सुपरकपॅसिटर हा शक्तीच्याच बाजूने जन्मलेला घटक आहे. नेहमीच्या कपॅसिटरमध्ये, ज्याला मराठी विज्ञानग्रंथांत धारित्र म्हणतात, धातूच्या दोन पत्र्यांमध्ये विद्युतरोधक थर असतो आणि भार पत्र्यांच्या पृष्ठभागावर साठतो. सुपरकपॅसिटरमध्ये पत्र्यांच्या जागी सच्छिद्र सक्रिय कार्बन असतो, ज्याच्या एका ग्रॅमला हजार चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग असू शकतो, आणि त्या पृष्ठभागाला भिडून विद्युतविच्छेद्य द्रवातल्या आयनांचा थर बसतो. दोन थरांमधले अंतर रेणूंच्या मापाचे असल्यामुळे धारकता, म्हणजे दर व्होल्टमागे साठणारा भार, लाखो पटींनी वाढते. हर्मान फॉन हेल्महोल्त्झ यांनी अशा दुहेरी थराची कल्पना १८५३ मध्येच मांडली होती. त्यावर आधारलेला घटक जनरल इलेक्ट्रिकमधील हॉवर्ड बेकर यांच्या १९५७ च्या पेटंटात प्रथम दिसतो, स्टँडर्ड ऑइल ऑफ ओहायोच्या संशोधकांनी साठच्या दशकात त्याला व्यवहार्य रूप दिले, आणि तेथून परवाना घेऊन जपानच्या एनईसीने सत्तरच्या दशकात तो बाजारात आणला. तेव्हा मात्र त्याचे काम घड्याळे आणि स्मृतिचिपा वीज गेल्यावर जागत्या ठेवणे एवढेच होते. भार साठताना किंवा सुटताना कोणतीही रासायनिक क्रिया व्हावी लागत नसल्यामुळे तो क्षणात भरतो, क्षणात रिता होतो, लाखो आवर्तने सोसतो, आणि उणे ४० अंश सेल्सिअसलाही फारसा मंदावत नाही.

त्याच्या मर्यादाही आकड्यांतच नीट दिसतात. द्रवाचे विघटन होऊ नये म्हणून एका सेलवर साधारणपणे २.७ व्होल्टहून अधिक दाब देता येत नाही. म्हणून १४ व्होल्टच्या गाडीसाठी सहा सेल एकसर जोडून १६.२ व्होल्टची माळ करावी लागते, आणि एकसर जोडल्यावर धारकता सहाव्या हिश्श्यावर येते. हौशी कारागीर वापरतात तसे ३५० फॅरडचे सहा सेल घेतले तर माळ ५८ फॅरडची होते. साठलेली ऊर्जा धारकता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असल्यामुळे १४ व्होल्टपासून ९ व्होल्टपर्यंत उतरताना ही माळ सुमारे ३,३०० ज्यूल देते, म्हणजे कागदावर एक सुरुवात निभावते. पण प्रत्येक सेलचा रोध ३ मिलिओहमच्या आसपास धरला तर माळेचा रोध १८ ते २० मिलिओहम होतो, २०० अँपिअरला त्यातच जवळजवळ ४ व्होल्ट खर्ची पडतात आणि उरलेला दाब दर सेकंदाला आणखी साडेतीन व्होल्टने घसरतो. अशी माळ बॅटरीच्या जोडीला उपयोगी पडते, बॅटरीच्या जागी नाही. ३,००० फॅरडचे सहा सेल घेतले तर चित्र बदलते: माळ ५०० फॅरडची, रोध २ मिलिओहमच्या आत, उपलब्ध ऊर्जा २८,००० ज्यूलहून अधिक, आणि वजन सेलांपुरते सुमारे तीन किलो. इंजिन फिरवण्याच्या बाबतीत अशी पेटी नव्या शिशाच्या बॅटरीलाही मागे टाकते.

तरीही ती एकटी पुरत नाही, आणि याचे कारण पुन्हा ऊर्जेचेच आहे. उभ्या असलेल्या आधुनिक मोटारीतही गजर, दूरनियंत्रक आणि नियंत्रक मिळून ३० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह सतत पीत असतात. ५०० फॅरडच्या माळेचा दाब १४ वरून १० व्होल्टवर यायला २,००० कुलोंब भार जावा लागतो, आणि ३० मिलिअँपिअरने तो सुमारे साडेअठरा तासांत जातो. सुपरकपॅसिटरची स्वतःची गळती धरली तर त्याहूनही लवकर. शनिवारी उभी केलेली गाडी सोमवारी लागणार नाही. बॅटरी काढून फक्त सुपरकपॅसिटर बसवल्याची प्रात्यक्षिके पुष्कळ दाखवली जातात आणि इंजिन त्यांत खरोखरच सुरू होते, पण रोजच्या गाडीसाठी ती रचना निरुपयोगी ठरते. सुपरकपॅसिटरचे खरे स्थान बॅटरीच्या शेजारी आहे: बॅटरीने सावकाश, तासन्‌तास पुरवावे आणि झटक्याचे काम त्याने उचलावे.

ही कामवाटणी जेथे सर्वाधिक निकडीची होती तेथेच ती प्रथम रुजली. अमेरिकेतील लांब पल्ल्याचा ट्रकचालक रात्री केबिनमध्येच झोपतो. पंखा, शीतकपाट, दिवे बॅटऱ्यांवर चालतात, आणि इंजिन निष्कारण चालू ठेवण्यावर कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत पाच मिनिटांची मर्यादा असल्यामुळे सकाळी बॅटऱ्या उतरलेल्या असतात. सॅन दिएगोच्या मॅक्सवेल कंपनीने यावर नेहमीच्या ट्रक बॅटरीच्याच आकाराची सुपरकपॅसिटरची पेटी काढली: चारपैकी एका बॅटरीच्या जागी ती बसते, उरलेल्या बॅटऱ्यांतून ती सावकाश भरून घेते, आणि स्टार्टर मोटर फक्त तिलाच जोडलेली असते. बॅटऱ्यांत इंजिन फिरवण्याची शक्ती उरली नसली तरी या पेटीत भरण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात बहुधा असतेच, कारण भरण्याचे काम दाब वाढवणाऱ्या परिपथातून काही मिनिटे घेऊन करता येते. रशियात, मॉस्कोजवळच्या त्रोइत्स्क येथील एस्मा संस्थेने एका बाजूला कार्बन आणि दुसऱ्या बाजूला निकेल हायड्रॉक्साइड असे मिश्र कपॅसिटर घडवले. थंडीत मोठ्या डिझेल इंजिनांना सुरू करणे हा त्यांचा एक प्रमुख उपयोग होता. मोटारींत हा विचार थांबा-सुरू पद्धतीबरोबर आला, ज्यात सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होते आणि क्लच दाबताच पुन्हा लागते. प्यूजो-सिट्रोएनने २०१० च्या सुमारास आपल्या डिझेल गाड्यांत, लँबोर्गिनीने बारा सिलिंडरांच्या अव्हेंटाडोरमध्ये आणि कॅडिलॅकने २०१६ च्या एटीएस व सीटीएस या गाड्यांत सुपरकपॅसिटर बसवले, ते इंजिन लागताना बाकीच्या उपकरणांचा दाब कोसळू नये यासाठीही. ज्या कंपनीने स्टार्टरची मोटर प्रथम स्वीकारली तिनेच एक शतकानंतर त्या मोटरीच्या झटक्यापासून बॅटरीला सोडवले, हा इतिहासातला समाधान देणारा योग आहे.

भारतीय रेल्वेच्या डिझेल लोकोमोटिव्हांच्या संदर्भातही हा प्रश्न दीर्घकाळ जिवंत राहिला. अल्को पद्धतीच्या सोळा सिलिंडरांच्या इंजिनाला फिरवण्यासाठी ७२ व्होल्टचा मोठा बॅटरीसंच लागतो. तो संच म्हातारा झाला की बंद केलेले इंजिन पुन्हा लागेल याचा भरवसा राहत नाही, आणि म्हणून यार्डात उभे असलेले लोकोमोटिव्ह तासन्‌तास चालूच ठेवले जाते. अशा नुसत्या चालू राहण्यात तासाला २० लिटरहून अधिक डिझेल जळते. रेल्वेने त्यावर छोटे साहाय्यक इंजिन बसवण्याचा मार्ग घेतला. बॅटरीसंचाला सुपरकपॅसिटरचा आधार देणे हा दुसरा मार्ग आहे, आणि फिरते भाग नसलेला उपाय म्हणून तो अधिक सरळ आहे.

सुपरकपॅसिटर बसवताना होणाऱ्या चुका बहुतेक त्याच्या गुणांमधूनच जन्मतात. पूर्ण रिकामी माळ थेट बॅटरीला जोडली तर ती पहिल्या क्षणी लघुमंडलासारखी, म्हणजे शॉर्ट सर्किटसारखी, वागते, ठिणगी उडते आणि वायर किंवा बॅटरीचे टोक वितळू शकते. म्हणून आधी हेडलाइटचा बल्ब किंवा योग्य रोधक मध्ये घालून ती भरून घ्यावी लागते. सहा सेलांची धारकता किंचित वेगळी असल्यामुळे कालांतराने एखाद्या सेलवर २.७ व्होल्टहून जास्त दाब चढतो आणि तो फुगतो, म्हणून प्रत्येक सेलला समतोल राखणारा परिपथ अनिवार्य आहे. तिसरी गोष्ट क्वचितच बोलली जाते: स्टार्टर मोटर आणि तिचा दातेरी पिनियन हे बॅटरीचा अंतर्गत रोध गृहीत धरून घडवलेले असतात. त्या रोधामुळे पहिला झटका आपोआप सौम्य होतो; २ मिलिओहमची माळ तो अडसर काढून टाकते, आणि फ्लायव्हीलच्या दातांवर व मोटरीच्या ब्रशांवर येणारा भार वाढतो. जितका रोध कमी तितके चांगले, ही विक्रेत्यांची भाषा अर्धीच खरी आहे.

लिथियमची वाट वेगळी आहे. सुपरकपॅसिटर बॅटरीला मदत करतो. लिथियम बॅटरी शिशाच्या बॅटरीची जागाच घेऊ पाहते. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या लिथियम-आयन सेलचा धनाग्र कोबाल्ट ऑक्साइडचा होता आणि त्याची वृत्ती इंजिनाजवळच्या उष्ण, धक्के बसणाऱ्या जागेला मानवणारी नव्हती. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातील अक्षय पाढी, के. एस. नंजुंदस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी लिथियम लोह फॉस्फेट हा धनाग्र पदार्थ मांडला, ज्यातला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्यामुळे सेल तापला तरी तो सहजी सुटत नाही. इंजिन सुरू करण्याच्या दृष्टीने त्याचा दुसरा गुणही तितकाच महत्त्वाचा ठरला. या सेलचा दाब सुमारे ३.२ व्होल्ट असल्यामुळे चार सेलांची माळ १२.८ व्होल्टची होते आणि १४.४ व्होल्टच्या आसपास पूर्ण भरते, म्हणजे जुन्या गाडीच्या आल्टरनेटरशी ती जवळजवळ तंतोतंत जुळते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेलांचे तसे नाही: तीन सेल घेतले तर आल्टरनेटर त्यांना जास्त भरतो, चार घेतले तर ते कधीच पूर्ण भरत नाहीत. मॅसॅच्युसेट्समधील ए१२३ कंपनीचा ७० ग्रॅमच्या आसपास वजनाचा २.३ अँपिअर-तासांचा फॉस्फेट सेल सतत ७० अँपिअर आणि दहा सेकंदांसाठी १२० अँपिअर देऊ शकत असे. शिशाच्या बॅटरीच्या मापाने हे सामर्थ्य थक्क करणारे होते.

पोर्शने २००९ च्या अखेरीस ९११ जीटी३ आणि बॉक्सटर स्पायडर यांच्यासाठी अशी बॅटरी ऐच्छिक म्हणून देऊ केली. तिचे वजन ६ किलोहून कमी, म्हणजे ६० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीपेक्षा १० किलोने कमी होते. तिची क्षमता केवळ १८ अँपिअर-तास असूनही ती त्या मोठ्या बॅटरीची बरोबरी करते असा कंपनीचा दावा होता, कारण शिशाच्या साठ्याचा थोडाच भाग इंजिन फिरवण्याच्या कामाला येतो. मात्र गाडीबरोबर एक साधी शिशाची बॅटरीही दिली जाई, शून्याखालच्या हवामानात बसवण्यासाठी. एवढी महाग गाडी दोन बॅटऱ्या देऊन विकावी लागावी, यातच लिथियमची मुख्य अडचण सांगितली गेली आहे. गारठ्यात द्रवातली आयनांची हालचाल मंदावते आणि प्रवाह घटतो. हे तरी थोडा वेळ दिवे लावून सेल आतून ऊबदार केल्यावर सुधारते. गंभीर धोका उलट दिशेचा आहे. शून्याखाली सेल वेगाने भरला तर लिथियम ग्राफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात बसते, क्षमता कायमची घटते आणि पुढे आतल्या आत लघुमंडल होण्याची बीजे पेरली जातात. आणि इंजिन लागल्याबरोबर आल्टरनेटर नेमके हेच करू लागतो. द्रास किंवा लेहच्या हिवाळ्यात उभ्या असलेल्या गाडीसाठी हा इशारा शब्दशः लागू आहे. ऋणाग्रावर ग्राफाइटऐवजी लिथियम टायटनेट वापरले तर हा धोका जवळजवळ टळतो. त्याचा सेल २.४ व्होल्टचा, पाच सेलांत १२ व्होल्ट होतात, वजन व किंमत मात्र वाढते. सुझुकीने २०१२ साली जपानमधील वॅगन-आरमध्ये तोशिबाचे असे पाच सेल शिशाच्या बॅटरीला जोडून दिले. मारुतीच्या २०१८ च्या सियाझ आणि अर्टिगा या गाड्यांतही शिसे आणि लिथियम अशा दोन बॅटऱ्या आहेत: सकाळची पहिली सुरुवात जुन्या पद्धतीची स्टार्टर मोटर करते, सिग्नलवरची सुरुवात पट्ट्याने जोडलेली मोटर-जनित्र. लिथियम आले तरी कामवाटणी सुटली नाही.

लिथियम पेटीत सेलांइतकेच महत्त्व तिच्या व्यवस्थापन परिपथाला असते, जो जास्त भरणे, जास्त रिकामे होणे आणि अतितापणे यांपासून सेलांना वाचवतो. त्याच्यातल्या विद्युत स्विचांना शेकडो अँपिअर झेलावे लागतात, आणि स्वस्त पेट्यांत काटकसर बहुधा येथेच केलेली असते. दुसरा धोका सूक्ष्म आहे. इंजिन चालू असताना या परिपथाने स्वतःच्या बचावासाठी बॅटरी तोडली, तर आल्टरनेटरचा प्रवाह जायला जागा उरत नाही आणि त्याच्या कुंडलांतली ऊर्जा गाडीच्या जाळ्यात उसळी मारते. रोधक योजना नसेल तर १२ व्होल्टच्या गाडीत ही उसळी १०० व्होल्टच्या आसपास जाऊ शकते. शिशाची बॅटरी अशा उसळ्या मुकाट्याने पिऊन टाकत असे, आणि तिचे हे न मागता मिळालेले संरक्षण तिला काढून टाकताना सहसा लक्षात घेतले जात नाही. एक लहान सुपरकपॅसिटर समांतर जोडला तर तो ही उणीव भरून काढतो, शिवाय सेल्फ मारतानाचा पहिला झटका सेलांऐवजी स्वतः घेतो. चार फॉस्फेट सेल आणि सहा सुपरकपॅसिटर यांची जोडी म्हणूनच हौशी आणि व्यावसायिक दोन्ही वर्तुळांत लोकप्रिय झाली, आणि तांत्रिकदृष्ट्या ती दोन्ही घटकांच्या एकट्या वापरापेक्षा सरस आहे. लिथियम-आयन कपॅसिटर नावाचा मिश्र घटक हेच एका सेलमध्ये साधतो: एक अग्र सक्रिय कार्बनचे, दुसरे लिथियम सामावणाऱ्या कार्बनचे. तो ३.८ ते २.२ व्होल्टमध्ये काम करतो आणि त्याची गळती साध्या सुपरकपॅसिटरपेक्षा पुष्कळच कमी असते.

सुरक्षिततेच्या बाबतीत विमानांचा अनुभव विसरण्यासारखा नाही. ७ जानेवारी २०१३ रोजी बोस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७८७ विमानात आग लागली, ती आठ कोबाल्ट ऑक्साइड सेलांच्या बॅटरीला, आणि त्या बॅटरीचे काम शेपटीतले साहाय्यक टर्बाइन इंजिन सुरू करणे हेच होते. नऊ दिवसांनी ऑल निप्पॉनच्या विमानात तशाच दुसऱ्या बॅटरीतून धूर निघाला आणि जगभरची ७८७ विमाने, एअर इंडियाच्या ताफ्यासह, जमिनीवर उतरवली गेली. बोस्टनच्या घटनेचे मूळ तपासयंत्रणेने एका सेलमधल्या अंतर्गत लघुमंडलात शोधले. उपाय म्हणून सेलांमध्ये अधिक विलगन, पोलादी पेटी आणि वायू थेट विमानाबाहेर नेणारी नळी देण्यात आली. वजन वाचवण्यासाठी निवडलेल्या बॅटरीला पोलादी पेटी द्यावी लागली, हा तिचा खरा हिशेब होय. फॉस्फेटचे रसायन अधिक शांत आहे, पण त्यातलाही द्रव ज्वालाग्राही आहे, आणि खिशात मावणाऱ्या जंप स्टार्टर पेट्यांत तर आजही बहुधा कोबाल्टयुक्त सेलच असतात. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर अशी पेटी ठेवणे हा निष्काळजीपणा आहे.

महाराष्ट्रात, आणि भारताच्या बहुतेक भागांत, या सगळ्या चर्चेची दिशा बदलते, कारण येथे बॅटरीचा शत्रू थंडी नसून उष्णता आहे. बॅटरीवर छापलेला ‘कोल्ड क्रँकिंग’ आकडा अमेरिकी मानकानुसार उणे १८ अंशांवर तीस सेकंद, दाब ७.२ व्होल्टच्या खाली न जाता किती प्रवाह मिळतो हे सांगतो. चंद्रपूर किंवा नागपूरच्या ४५ अंशांच्या दुपारी बॉनेटखाली जे तापमान असते त्याविषयी तो काहीच सांगत नाही. त्या उष्णतेत शिशाच्या धन पट्टीची जाळी वेगाने गंजते आणि पाणी उडते. सुपरकपॅसिटरची नेहमीची मर्यादा ६५ अंशांची आहे आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते; फॉस्फेट सेलांनाही तीव्र उष्णतेत भरणे मानवत नाही. म्हणजे युरोपात या घटकांच्या बाजूने जे युक्तिवाद केले जातात त्यांपैकी निम्मे येथे लागू पडत नाहीत, आणि जे पडतात ते पेटी बॉनेटखालून काढून आसनाखाली किंवा डिकीत ठेवली तरच. थांबा-सुरू पद्धतीच्या अनेक गाड्यांत लिथियम पेटी आसनाखाली असते याचे हेही एक कारण आहे.

येथे सर्वांत आश्वासक क्षेत्र दुचाकींचे आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे उत्सर्जन मानक लागू झाले, बहुतेक दुचाकींना इंधन-इंजेक्शन आले, आणि अनेक मॉडेलांतून किक गेली. बॅटरी उतरली की आता इंजेक्शनचा पंपही चालत नाही, त्यामुळे धक्का मारूनही गाडी लागेल याची खात्री नाही. या गाड्यांतली ३ ते ५ अँपिअर-तासांची बॅटरी शहरातल्या छोट्या फेऱ्यांत दर वेळी झटका देते आणि पुन्हा पूर्ण भरतच नाही. स्कूटर सुरू करायला अर्ध्या सेकंदासाठी ५० अँपिअरच्या आसपास, म्हणजे सुमारे ३०० ज्यूल पुरतात. अंगठ्याएवढे १०० फॅरडचे सहा सेल १४ ते ९ व्होल्टमध्ये त्याच्या तिप्पट ऊर्जा देतात. आसनाखालची जागा इंजिनाच्या उष्णतेपासून बऱ्यापैकी दूर असते, प्रवाह माफक आहे, आणि बॅटरीकडे फक्त पंप व दिवे राहिले तर ती कितीतरी अधिक काळ टिकेल. केरळमध्ये कण्णूर येथे केल्ट्रॉनने २०२४ मध्ये इस्रोच्या तंत्रसाह्याने सुपरकपॅसिटरचे उत्पादन सुरू केले असल्यामुळे हा घटक आता आयातीवरच अवलंबून राहण्याचेही कारण उरलेले नाही.

दुसरे क्षेत्र डिझेल जनित्रांचे आहे. पुण्यात किर्लोस्कर आणि कमिन्स यांची इंजिने घडतात आणि रुग्णालये, मोबाइल मनोरे, सहकारी गृहसंस्था यांच्या आवारांत अशी जनित्रे महिनोन्‌महिने उभी असतात. वीज जाते तेव्हा ती न लागण्याचे सर्वांत नेहमीचे कारण बॅटरी हेच असते, कारण सतत चार्जरवर टांगलेल्या बॅटरीची शक्ती कधी गेली हे तिचा दाब पाहून कळत नाही. व्होल्टमीटर १२.६ दाखवतो आणि सेल्फ मात्र नुसता खट्ट करतो. येथे चार्जर सदैव जोडलेला असल्यामुळे सुपरकपॅसिटरची गळती हा दोष राहत नाही, आणि अतिदक्षता विभागासाठी उभ्या असलेल्या यंत्राला हा आधार न देणे हे किमतीचे कारण पुढे करून समर्थनीय ठरत नाही.

किमतीचा प्रश्न उरतोच, आणि त्याची एक बाजू भंगाराच्या दुकानात ठरते. जुनी शिशाची बॅटरी देऊन नवी घेताना सूट मिळते, कारण शिसे वितळवून जवळजवळ सगळे परत वापरता येते. म्हणून ती बॅटरी रस्त्यावर टाकलेली कधी दिसत नाही. पण तेच वितळवणे गल्लीबोळांतल्या भट्ट्यांत होते तेव्हा त्याची किंमत शेजारची मुले मोजतात: युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक असल्याचा अंदाज मांडला आणि बॅटऱ्यांच्या बेफिकीर पुनर्वापराला त्याचे एक प्रमुख कारण ठरवले. फॉस्फेटच्या पेटीत शिसे नाही, कोबाल्ट नाही, निकेल नाही. तिच्यातले लोखंड आणि फॉस्फेट इतके स्वस्त आहेत की भंगारवाल्याला तिच्यातून फारसे काही मिळत नाही, आणि ज्यातून काही मिळत नाही ते गोळाही होत नाही. भारतातले २००१ चे बॅटरीविषयक नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सर्व रसायनांच्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि दुचाकीच्या आसनाखाली जाणाऱ्या प्रत्येक लिथियम पेटीसाठी आज तेवढाच आधार उपलब्ध आहे.